लखनौला बिऱ्हाड हलवताना

बदलीचा किंवा नव्या नोकरीचा कागद हातात पडला की घरात पहिली चर्चा शाळेची होते आणि दुसरी सामानाची. शाळा निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. सामानासाठी मात्र मोबाईलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ शोधतो, पहिल्या तीन-चार नंबरांना फोन करतो आणि सर्वांत कमी आकडा सांगेल त्याच्या हाती सगळा संसार सोपवतो. पुण्याहून लखनौ रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर आहे. नागपूरहूनही आठशेच्या आसपास. एवढ्या वाटेवर आपलं सामान आपल्या नजरेआड असतं, आणि त्या काळात आपल्या बाजूने उभे राहतात ते फक्त कागद. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे: दर नंतर बघा, कागद आधी बघा.

मराठी माणसाला लखनौ परकं नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तिथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं, आणि पुढे पं. श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ते वाढवलं. आजचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय ते हेच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली कुटुंबं देशभरच्या सराफ्यांत पसरली, त्यात उत्तर प्रदेशही आला. त्याशिवाय लखनौची छावणी आहे, मानकनगरची रेल्वेची आरडीएसओ आहे, केंद्रीय औषध संशोधन संस्था, संजय गांधी पीजीआय, आयआयएम आणि टाटा मोटर्सचा कारखाना आहे. या सगळ्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तिकडे आणि तिकडून इकडे माणसांची ये-जा चालूच असते. प्रत्येकाची गरज वेगळी असते, त्यामुळे सामान नेण्याचा मार्गही वेगळा.

आधी आपली गरज ओळखा

एकटा विद्यार्थी किंवा नुकताच नोकरीला लागलेला मुलगा-मुलगी. यांचं सामान म्हणजे आठ-दहा खोकी, गादी आणि फार तर दुचाकी. यासाठी अख्खा ट्रक करण्यात अर्थ नाही. रेल्वे पार्सल हा जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग आहे. मुंबई आणि लखनौ जंक्शन यांच्यामध्ये पुष्पक एक्स्प्रेस धावते, पुण्याहूनही गाड्या आहेत. दुचाकी रेल्वेने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी हवी, गाडी गोणपाटात नीट बांधलेली हवी आणि आरसी व ओळखपत्राच्या प्रती जवळ हव्यात. लखनौत चारबागला एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे दोन स्थानकं अगदी शेजारी आहेत: उत्तर रेल्वेचं लखनौ आणि पूर्वोत्तर रेल्वेचं लखनौ जंक्शन. दोघांची पार्सल कार्यालयं वेगळी आहेत, म्हणून माल कुठे उतरणार हे पावतीवर बघूनच निघा. माल वेळेत सोडवला नाही तर रेल्वे स्थानशुल्क लावते, तेव्हा माणूस आधी पोचेल आणि माल मागून येईल असं बघा.

दोन-तीन खोल्यांचं कुटुंब. इथे दोन पर्याय असतात, पूर्ण गाडी किंवा ‘पार्ट लोड’. पूर्ण गाडीत फक्त तुमचं सामान असतं. ती पुण्याहून निघाली की साधारण चार-पाच दिवसांत पोचते. पार्ट लोडमध्ये दोन-तीन घरांचं सामान एकाच कंटेनरमध्ये जातं. खर्च कमी होतो, पण आठ ते पंधरा दिवस लागू शकतात आणि वाटेत गोदामात माल एका गाडीतून दुसरीत चढतो. काचेची कपाटं, पियानो, देव्हारा, जुनी सागवानी कपाटं असतील तर पूर्ण गाडीच बरी. फूटतूट बहुतेक वेळा चालत्या गाडीत होत नाही, चढवता-उतरवताना होते. पार्ट लोडमध्ये ते दुप्पट वेळा होतं.

सरकारी किंवा लष्करी बदली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सातव्या वेतन आयोगानंतरच्या २०१७ च्या आदेशानुसार सामानाचा खर्च मिळतो. वेतनस्तर ६ आणि त्यावरच्यांसाठी ६,००० किलोपर्यंत, रस्त्याने नेल्यास किलोमीटरला ५० रुपये हा मूळ दर. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की दर २५ टक्क्यांनी वाढण्याची तरतूद त्याच आदेशात आहे. शिवाय २० किलोमीटरहून दूरच्या बदलीवर शेवटच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी बदली अनुदान मिळतं. ही मंडळी खर्चाला फारशी कचरत नाहीत, पण बिलाला कचरायलाच हवं. ज्याने सामान नेलं नाही त्याच्या नावाची पावती, किंवा प्रत्यक्ष दिलेल्या रकमेपेक्षा फुगवलेलं बिल कुणी ‘जुळवून देतो’ म्हणालं तर ठाम नकार द्या. अशी बिलं तपासणीत उघडी पडली की चौकशी कर्मचाऱ्याची होते, वाहतूकदाराची नाही. पैसे बँकेतून द्या आणि बिल, बिल्टी (वाहतूकदाराची पावती) व बँकेची नोंद एकत्र जपून ठेवा.

कार्यालय, दवाखाना, दुकान. इथे मालापेक्षा वेळ महाग असतो. शनिवार-रविवारी हलवा. प्रत्येक टेबलाला आणि खोक्याला विभागाचं नाव व नव्या जागेतला क्रमांक लावा. संगणकातल्या माहितीची प्रत आधी काढून ती स्वतःबरोबर न्या. यंत्रं आणि विक्रीचा माल घरगुती सामानात मोडत नाही, त्यामुळे ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू शकतं. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच गाडी भरा.

लखनौतल्या लखनौत. अलीगंजहून गोमतीनगरला किंवा जानकीपुरमहून आशियानाला जायचं असेल तर मोठ्या कंपनीची गरज बहुधा नसते. एक-दोन ‘डाला’, म्हणजे आपल्याकडचा छोटा हत्ती, आणि तीन-चार पल्लेदार, म्हणजे हमाल, एवढ्यात काम होतं. मात्र फेऱ्या किती, मजले किती, पलंग आणि एसी खोलायला कारागीर कोण आणेल, हे आधी ठरवून घ्या. चौक आणि अमीनाबादच्या जुन्या गल्ल्यांत डालाही आत जात नाही. तिथे हातगाडी आणि खांदा हेच वाहन, म्हणून त्या भागात वेळ आणि मजुरी दोन्ही जास्त धरा.

कंपनी कशी पारखायची

फोनवर दर सांगणाऱ्याशी बोलणी फोनवरच संपवू नका. किमान तीन कंपन्यांच्या माणसांना घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचा कप्पा दाखवा. सामान न बघता दिलेला आकडा हा अंदाजही नसतो, ते फक्त आमिष असतं. सर्वांत जास्त होणारी फसवणूक अशीच सुरू होते. कमी दर सांगायचा, सामान गाडीत चढवायचं आणि मग ‘सामान जास्त निघालं’ म्हणत दुप्पट पैसे मागायचे. गाडी भरलेली असते, घर रिकामं झालेलं असतं, गाडीची तिकिटं काढलेली असतात. अशा वेळी माणूस पैसे देऊन मोकळा होतो.

हे टाळायचं तर पुढच्या गोष्टी ठरवण्याआधीच तपासा.

जीएसटी क्रमांक. क्रमांक मागून घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या जागी टाकून बघा. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिथे दिसतं. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, उत्तर प्रदेशचे ०९. पुण्याची कंपनी असल्याचं सांगणाऱ्याचा क्रमांक भलत्याच राज्याचा निघाला तर ‘का?’ हे विचारलंच पाहिजे.

नाव. या धंद्यात नामवंत कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बसणारे खूप आहेत. एखादं अक्षर वेगळं, रंग तोच, बोधचिन्हही तसंच. पत्त्यावर प्रत्यक्ष कार्यालय आहे का ते बघा आणि लखनौला त्यांचं गोदाम कुठे आहे ते विचारा. कानपूर रोडवरचं ट्रान्सपोर्टनगर हा तिथला मालवाहतुकीचा मोठा भाग आहे. गोदाम तिथे किंवा अन्यत्र असेल तर पूर्ण पत्ता द्यायला कंपनीला अडचण नसावी.

‘आयबीए मान्यताप्राप्त’ हे शब्द. इंडियन बँक्स असोसिएशनची ही यादी मुळात बँकांसाठी आहे, कोणत्या वाहतूकदाराच्या बिल्टीवर भरवसा ठेवावा यासाठी. काही कार्यालयं बदलीच्या बिलासाठी याच यादीतली कंपनी मागतात. तसं असेल तर नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. संकेत क्रमांक आणि त्याची मुदत मागा आणि कार्यालयाकडूनच खात्री करून घ्या.

गाडी कुणाची. बऱ्याच कंपन्या बांधाबांध स्वतः करतात आणि गाडी बाहेरून घेतात. त्यात वावगं काही नाही, पण ते आधी कळायला हवं. गाडी बंद कंटेनर असेल की ताडपत्रीची, वाटेत माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणार का, चालकाचं नाव आणि गाडीचा क्रमांक कधी मिळेल, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या.

पैसे. बुकिंगला थोडी रक्कम, माल भरून बिल्टी हातात आल्यावर मोठा भाग आणि घरात माल उतरून मोजून झाल्यावर उरलेली रक्कम, अशी विभागणी ठेवा. सगळी रक्कम आगाऊ मागणारा नको. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा. एखाद्या ‘मॅनेजर’च्या वैयक्तिक मोबाईल क्रमांकावर पाठवलेले पैसे कंपनी पुढे आपले मानत नाही.

दरपत्रकात काय लिहून घ्यायचं

दर कशावर ठरतो हे कळलं की घासाघीस नीट करता येते. मूळ गोष्ट म्हणजे गाडीतली जागा. एका खोलीच्या घराला चौदा फुटी गाडी लागते, दोन खोल्यांना चौदा ते सतरा फुटी आणि तीन खोल्यांना एकोणीस फुटी किंवा मोठी. त्यावर अंतर, दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे का, बांधणी कोणत्या दर्जाची, पलंग-एसी खोलण्या-जोडण्याचं काम आणि हंगाम. एप्रिल ते जून आणि प्रत्येक महिन्याचे शेवटचे व पहिले दोन-तीन दिवस महाग असतात. महिन्याच्या मधल्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी निघता आलं तर तोच माणूस कमी पैशांत काम करतो.

दरपत्रकावर एकूण रक्कम ‘जीएसटी धरून’ लिहून घ्या. बहुतेक कंपन्या बांधणीसह पूर्ण सेवेवर १८ टक्के जीएसटी लावतात, आणि तो वेगळा राहिला तर हिशेब कोलमडतो. टोल, दोन्हीकडची हमाली, मोठी गाडी सोसायटीत गेली नाही तर छोट्या गाडीचा खर्च, गाडी थांबल्यास आकार, हे सगळं धरलं आहे की वेगळं ते एकेका ओळीत लिहिलेलं असावं. ‘चहापाणी’ वेगळं नाही, हेही लिहून घ्यायला संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘यूपीच्या हद्दीवर एन्ट्री टॅक्स भरावा लागला’ किंवा ‘जकातीचे पैसे द्या’ असं कुणी वाटेतून फोन करून सांगितलं तर एक रुपयाही देऊ नका. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा प्रवेशकर आणि मुंबईची जकात दोन्ही संपले. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलही लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. त्या सामानाची यादी आणि ‘वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ असं सहीचं पत्र चालकाजवळ दिलेलं असलं की पुरतं. यादीत पेटीबंद नवा टीव्ही किंवा फ्रिज असेल तर त्याचं खरेदी बिल मात्र सोबत ठेवा.

विमा आणि बिल्टी

बहुतेकांची गफलत इथे होते. कंपनी ‘तीन टक्के इन्शुरन्स’ म्हणून पैसे घेते आणि पावतीवर ‘एफओव्ही’ किंवा ‘रिस्क चार्ज’ असं लिहिते. तो विमा नव्हे, ती कंपनीची स्वतःची हमी आहे, आणि तिच्या अटी कंपनीच लिहिते. खरा विमा म्हणजे विमा कंपनीने तुमच्या नावाने दिलेलं प्रमाणपत्र. त्यावर पॉलिसी क्रमांक, गाडी निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण आणि विम्याची रक्कम हवी. कोणत्या अटींचा विमा आहे हेही विचारा. सर्व जोखमींचा विमा आणि फक्त आग, अपघात यांसारख्या ठरावीक कारणांचा विमा यांत मोठा फरक असतो. ठरावीक कारणांच्या विम्यात नुसत्या हाताळणीत फुटलेल्या कपाटाचा दावा अडतो. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यांचं नुकसान अनेक पॉलिसींत धरत नाहीत. सामानाची किंमत कमी लिहून हप्ता वाचवला तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते.

बिल्टी म्हणजे वाहतूकदाराची पावती. रस्त्याने माल नेण्याचा २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम तिला लागू होतात. मालाची किंमत तुम्ही लेखी जाहीर केली नाही तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित होते. म्हणून माल देताना भरायच्या फॉर्ममध्ये एकूण किंमत लिहा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला दिली नसेल तर पुढे दावा टिकत नाही. आज नोटीस देऊ, उद्या देऊ, असं करत हे सहा महिने भर्रकन जातात.

बांधणी

बांधायच्या आधी वजाबाकी करा. भुश्याच्या पाट्यांची स्वस्त कपाटं एकदा खोलली की पुन्हा नीट बसत नाहीत. त्यांचं भाडं भरण्यापेक्षा ती इथेच विकावीत. सागवान मात्र न्या. लखनौचा मे-जूनचा उन्हाळा कोरडा आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी बोचरी असते. तिथे मोठा कूलर आणि जाड रजई लागतेच, पण दोन्ही तिकडे घेणं सोयीचं. कुंड्या शेजाऱ्यांना द्या, कारण बंद कंटेनरमध्ये रोपं टिकत नाहीत.

फ्रिज निघण्याच्या आदल्या दिवशी रिकामा करून बर्फ वितळू द्या, आणि पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे नवीन असताना ड्रम अडवायचे बोल्ट येतात, ते शोधून लावून घ्या. एसी त्याच्या कारागिराकडूनच उतरवा, म्हणजे गॅस आतच साठवून घेता येतो. पुस्तकं छोट्या खोक्यांत भरा, मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की तळ फाटतो. पाटा-वरवंटा आणि पितळी भांडी वेगळ्या खोक्यांत तळाशी ठेवा आणि त्यावर ‘जड’ असं हिंदीतही लिहा: ‘भारी’. लोणच्याची बरणी, तेल, तूप हे मूव्हर्स घेत नाहीत, आणि घेतलं तरी देऊ नका.

भातखंडे विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी तंबोऱ्याचं उदाहरण थोडं सविस्तर देतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा कडक कवचाचा दिसला तरी एका धक्क्यात तडकतो. आधी तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. घोडी सुटी होत असेल तर ती कापडाच्या पुरचुंडीत वेगळी ठेवा. मान आणि भोपळा जिथे जुळतात तिथे जुनी सुती चादर गुंडाळा, भोपळ्याभोवती कापूस किंवा फोम, आणि मग कडक पेटी. पेटीत वाद्य हलतं का ते हलवून बघा. हललं तर पोकळी आणखी भरा. पेटीवर ‘आडवी ठेवू नये, वर काही ठेवू नये’ असं लिहा. जमलं तर वाद्य ट्रकमध्ये देऊच नका, रेल्वेत स्वतःबरोबर न्या.

सोनं-नाणं, मूळ कागदपत्रं, शाळेचे दाखले, लॅपटॉप, औषधं, रोख रक्कम, घराच्या किल्ल्या हे सगळं स्वतःबरोबर. त्याला अपवाद नाही.

सोबतीची कामं

गॅसचा सिलिंडर गाडीत चढवू नका. वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, त्यावर लखनौत नवी जोडणी मिळते. नळाचा गॅस हवा असेल तर लखनौत तो ग्रीन गॅस लिमिटेड देते. विजेची जोडणी मध्यांचल विद्युत वितरण निगमची असते, भाड्याच्या घरात मीटरचं शेवटचं वाचन फोटोसकट घरमालकाकडून घ्या. भाडेकरूची पडताळणी यूपी पोलिसांच्या यूपीकॉप अॅपवरून करता येते. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या भाडे कायद्यानुसार राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत मागता येत नाही, हे घर ठरवताना लक्षात असू द्या.

मोटार. एमएच क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली की तिथला क्रमांक घ्यावा लागतो. लखनौचा यूपी ३२. त्यासाठी आपल्या आरटीओकडून ‘फॉर्म २८’ मधलं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, आणि कर्ज असेल तर बँकेचंही. नवा रस्ता कर भरल्यावर महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करा. ज्यांच्या बदल्या वारंवार होतात आणि जे पात्र आहेत, त्यांनी पुढची गाडी २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेत घ्यावी. गाडी कार-कॅरिअरवरून पाठवताना इंधन थोडंच ठेवा, चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा आणि काचेवरचा फास्टॅग काढून घ्या. नाहीतर कॅरिअर टोलनाक्यावरून जाताना तुमच्याही खात्यातून पैसे कापले जाऊ शकतात.

तारीख ठरवताना

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर गंगेच्या खोऱ्यात दाट धुकं असतं. आग्रा-लखनौ द्रुतगती मार्ग ३०२ किलोमीटरचा आणि एरवी वेगवान आहे, पण धुक्यात गाड्या सावकाश चालतात किंवा थांबतात. त्या दिवसांत दोन-तीन दिवस जादा धरा. पावसाळ्यात बंद कंटेनरच घ्या.

मे-जूनमध्ये लखनौत ‘बडा मंगल’ असतो. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवारी शहरभर रस्त्यांवर भंडारे लागतात आणि वाहतूक मंदावते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा ज्येष्ठ आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो; आपली दिनदर्शिका पाहून तारीख काढली तर चूक होईल. मुहर्रमच्या मिरवणुकींच्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते वळवलेले असतात. दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना प्रवेशबंदीचे तास असतात, म्हणून गाडी रात्री उशिरा किंवा पहाटे शिरेल असं कंपनीशी ठरवा. नव्या सोसायटीत गेट पास आणि सामानाच्या लिफ्टची वेळ आदल्या दिवशीच मिळवून ठेवा.

वेळापत्रक साधं ठेवा. दीड महिना आधी वजाबाकी आणि चौकशी. एक महिना आधी कंपनी पक्की. पंधरा दिवस आधी गॅस, शाळा, बँक आणि आरटीओ. एक आठवडा आधी रोज एक खोली. आदल्या दिवशी फ्रिज, एसी आणि मौल्यवान वस्तूंची वेगळी बॅग.

भरताना आणि उतरवताना

भरायच्या दिवशी घरातल्या एकाने एकच काम करायचं: दाराशी उभं राहून खोक्यांवर क्रमांक घालायचे आणि यादी लिहायची. ‘३१, स्वयंपाकघर, काचेची भांडी’ अशी नोंद करा. मोठ्या वस्तूंपुढे आधीचे ओरखडेही लिहा, नाहीतर प्रत्येक ओरखडा जुनाच होता असं ऐकावं लागतं. यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. गाडीचा क्रमांक, कंटेनरचं कुलूप आणि सीलचा क्रमांक यांचा फोटो काढा.

लखनौला गाडी आली की सील तोच आहे का ते बघूनच दार उघडू द्या. यादीवर खोकी मोजा. ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली लगेच सही करू नका. काही फुटलेलं, हरवलेलं दिसलं तर त्याच प्रतीवर तसं लिहून मग सही करा, फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. फुटलेली वस्तू आणि तिची बांधणी टाकून देऊ नका, विम्याचा पाहणी करणारा माणूस ती बघायला मागतो.

अडचण आलीच तर

गाडी अडवून जादा पैसे मागितले तर घाबरून देऊन मोकळं होऊ नका. मागणी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागा. दरपत्रक आणि बिल्टी समोर ठेवा. माल द्यायला नकार असेल तर ११२ वर पोलिसांना कळवा. वाहतूकदाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचा विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही माहिती शांतपणे सांगितली तरी बऱ्याचदा सूर बदलतो.

ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली आहे: तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे करता येते. कंपनी पुण्याची असली तरी तुम्ही लखनौला राहायला गेलात तर लखनौच्या आयोगात जाता येतं, आणि लखनौहून परत आलेल्यांना महाराष्ट्रात. तक्रार ऑनलाईन करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगापुढे उभं राहायला यादी, दरपत्रक, बिल्टी, विम्याचं प्रमाणपत्र आणि बँकेची नोंद हे पाच कागद लागतात.

नव्या गावात पहिले आठ दिवस अवघडच जातात, त्यात सामानाची काळजी नको. म्हणून कंपनी ठरवताना आज एवढंच करा: बँकेची नोंद सोडून बाकीचे चार कागद देणार का, हे पहिल्याच फोनवर विचारा. जो ‘हो’ म्हणेल आणि बुकिंगआधी त्यांचे नमुने पाठवेल, त्याच्याशीच दराचं बोला.